हिमनद्यांचाही साठा दरवर्षी जाहीर व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकात गेल्या आठवड्यात गंगोत्रीच्या हिमनदीविषयी ‘गोमुख मागे सरकले’ अशा मथळ्याची बातमी होती आणि योगायोगाने त्याच पानाच्या तळाशी, नेहमीच्या चौकटीत, राज्यातील धरणांचा साठा दिला होता. चौकटीत जायकवाडी, कोयना, उजनी, गंगापूर यांचा त्या दिवसाचा साठा होता आणि शेजारच्या रकान्यात गतवर्षीच्या त्याच तारखेचा साठा होता. बातमीत मात्र गोमुख, म्हणजे त्या हिमनदीचे मुख, कोठून कोठे सरकले, हे अंतर केव्हापासूनचे आहे, ते कोणी मोजले आणि कशाने मोजले, यांपैकी एकही गोष्ट नव्हती. मी जलसंपदा खात्यात ३१ वर्षे नोकरी केली आणि त्यातली बरीचशी वर्षे नद्यांचे पाणी मोजणाऱ्या सरिता मापन केंद्रांच्या नोंदी तपासण्यात गेली, त्यामुळे एकाच पानावरची ही तफावत मला खटकली. पत्र लांबले आहे, तरी आपण त्याला जागा द्यावी, ही विनंती.

नोंदीची किंमत काय असते, हे मला नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कळले. एका केंद्राची जुलै-ऑगस्टची नोंदवही माझ्या टेबलावर आली. आकडे सुबक होते, रोज सकाळी ८ ची वेळ पाळलेली होती, एकही रकाना रिकामा नव्हता, आणि मी समाधानाने ती वही वरिष्ठांपुढे ठेवली. त्यांनी आकड्यांकडे पाहिलेच नाही, नुसती पाने उलटत राहिले आणि म्हणाले, “दोन महिने पाऊस धो धो पडला आणि वहीवर पाण्याचा एक डाग नाही? शाईसुद्धा एकाच बैठकीतली दिसते.” वही घरी बसून भरलेली होती. त्या वर्षीच्या पुराची पातळी आम्हाला अखेर पुलाच्या खांबावर राहिलेल्या गाळाच्या रेषेवरून काढावी लागली. तेव्हापासून कोणताही आकडा समोर आला की, तो ज्याने लिहिला तो माणूस त्या दिवशी त्या जागी होता का, हा प्रश्न माझ्या मनात आधी येतो. हिमनद्यांच्या बाबतीत तो अधिकच येतो, कारण तेथे पोहोचणे हेच मोठे काम आहे.

गंगोत्री राष्ट्रीय उद्यान १९८९ मध्ये झाले. उत्तरकाशी जिल्ह्यातील सुमारे २,३९० चौरस किलोमीटरचा हा प्रदेश असून, साधारण ३० किलोमीटर लांबीची गंगोत्री हिमनदी आणि तिला मिळणाऱ्या चतुरंगी, रक्तवर्ण, कीर्ती यांसारख्या हिमनद्या हा त्याचा गाभा आहे. या हिमनदीचे भाग्य असे की, तिच्या मुखाची पद्धतशीर मोजणी उद्यान होण्याच्या अर्धशतकाहून अधिक आधी झाली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील जॉन बिकनेल ऑडेन यांनी १९३५ मध्ये प्लेन टेबल लावून गोमुखाचा नकाशा तयार केला. आमच्या पिढीला प्लेन टेबल शिकवले जात असे, म्हणून त्या कामाची थोडी कल्पना मी करू शकतो. तिपाईवर एक पाट, पाटावर ताणून बसवलेला कागद, ॲलिडेडच्या, म्हणजे वेध घेण्याच्या पट्टीच्या, फटीतून समोरचा खडक धरायचा आणि तेथल्या तेथे रेघ ओढायची. वारा सुटला की कागद फडफडतो, आणि नाशिकच्या डिसेंबरातही पेन्सिल धरणारी बोटे कडक होतात. तेथे तर मुक्काम ४,००० मीटरच्या आसपास. पण तो नकाशा आणि हलणार नाहीत अशा खडकांवरच्या खुणा मागे राहिल्या, म्हणून पुढच्या सर्वेक्षकांना ‘तेव्हा येथे होते, आता येथे आहे’ असे सांगता आले.

त्या नोंदींवरून आणि पुढच्या मोजण्यांवरून जे आकडे निघाले ते असे आहेत: १९३५ ते १९७१ या काळात गोमुख वर्षाला सरासरी सुमारे २६ मीटर मागे गेले, १९७१ ते २००४ या काळात सुमारे १७ मीटर, आणि २००४-०५ च्या जीपीएस मोजणीत त्या एका वर्षात सुमारे १२ मीटर. सत्तर वर्षांत मिळून अंतर दीड किलोमीटरच्या घरात जाते. आता हेच आकडे दोन माणसांच्या हाती द्यावेत. एक म्हणेल, दीड किलोमीटर बर्फ गेला, अनर्थ झाला. दुसरा म्हणेल, वेग २६ वरून १२ वर आला, म्हणजे हिमनदी सावरते आहे. दोघेही आकडा बरोबर वाचत आहेत आणि दोघांचाही निष्कर्ष त्या आकड्याला पेलणारा नाही.

कारण मुखाचे अंतर हा साठ्याचा आकडाच नव्हे. आमच्याकडे पाझर तलावाचा काठ किती मागे गेला हे पाहून कोणी साठा सांगू लागला, तर त्याला शाखा अभियंताही हसेल. साठ्यासाठी खोली लागते आणि तलावाचा आकार ठाऊक असावा लागतो. शिवाय हिमनदी पाण्यासारखी समपातळीत राहत नाही. वर पडलेला हिम दाबाने बर्फ होतो, तो बर्फ स्वतःच्या वजनाने हळूहळू खाली सरकतो आणि खालच्या उबदार पट्ट्यात वितळतो. आज गोमुखाशी दिसणारा बर्फ वर कधीकाळी पडलेल्या हिमाचा आहे, त्यामुळे हवामानात आज झालेल्या बदलाचा पुरता हिशेब अशा लांब हिमनदीच्या मुखाशी यायला अनेक दशके लागतात. त्यात गंगोत्रीच्या खालच्या भागावर दगडमातीचे जाड पांघरूण आहे; शाळेच्या भूगोलात आपण ज्याला हिमोढ म्हणतो त्याच जातीचा हा माल. धुळीचा पातळ थर बर्फावर बसला तर तो ऊन शोषून वितळण्याचा वेग वाढवतो, आणि थर जाड झाला की तोच गोधडीसारखा उष्णता अडवतो. म्हणून अशी हिमनदी मुखाशी जागच्या जागी असल्यासारखी दिसते आणि मधल्या पट्ट्यात खोलवर बसत जाते. काठावर उभ्या राहिलेल्या यात्रेकरूला ते कळण्याचा मार्ग नाही. त्यासाठी हिमनदीवर चढून मोजावे लागते.

ते मोजण्याची रीत समजायला सोपी आहे आणि करायला फार कष्टाची. वाफेच्या यंत्राने बर्फात खोल भोक पाडून त्यात बांबूची किंवा धातूची लांब काठी उतरवतात आणि बर्फाच्या वर किती काठी उरली ते लिहून ठेवतात. मोसम संपताना परत जाऊन पाहिले की काठी अधिक उघडी पडलेली असते. जितकी उघडी पडली तितका बर्फ तेथून गेला. हा खर्चाचा रकाना. वरच्या अंगाला, जेथे हिम साठतो, तेथे खड्डा खणून गेल्या मोसमाचा थर ओळखायचा, त्याची जाडी घ्यायची आणि ठराविक मापाचे नळकांडे भरून हिमाचे वजन करायचे, कारण ताजा भुसभुशीत हिम आणि दाबलेला बर्फ यांच्या एकाच उंचीतून सारखे पाणी निघत नाही. हा जमेचा रकाना. दोन्ही रकाने पाण्याच्या उंचीत मांडले की त्या वर्षाचा जमाखर्च निघतो, आणि एक मीटर बर्फ म्हणजे साधारण ९० सेंटिमीटर पाणी हे प्रमाण धरून आमच्यासारख्या पाण्याच्या माणसालाही तो वाचता येतो.

येथे हिमालयाची एक अडचण आहे. आल्प्समध्ये किंवा अमेरिकेच्या पश्चिमेकडील डोंगरांत हिम हिवाळ्यात साठतो आणि उन्हाळ्यात वितळतो, त्यामुळे वसंतात जमा आणि शरदात खर्च असे दोन फेऱ्यांत काम भागते. गढवालात तसे नाही. हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारे विक्षोभ हिम टाकतात हे खरे, पण जो मोसमी वारा जून-जुलैत आपल्याकडे पेरण्या करवतो तोच पुढे जाऊन या हिमनद्यांच्या माथ्यावर ऐन उन्हाळ्यात हिम पाडतो, आणि त्याच वेळी खाली मुखाशी वितळणे जोरात असते. पूर्वेकडे सरकावे तसे हे अधिकच ठळक होते. जमा आणि खर्च एकाच महिन्यात चालू असतील, तर परदेशातील पद्धत जशीच्या तशी उचलून चालत नाही. फेऱ्या वाढवाव्या लागतात, उंचावर स्वयंचलित हवामान केंद्र ठेवावे लागते आणि पावसाळ्यात, म्हणजे रस्ते खचण्याच्या दिवसांत, तेथे माणसे पाठवावी लागतात. तेथे पैसा लागतो, आणि तो एका वर्षापुरता देऊन भागत नाही.

राष्ट्रीय उद्यानाने हे काम आपले म्हणून केले तर काय होते, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. वॉशिंग्टन राज्यातील नॉर्थ कॅस्केड्स राष्ट्रीय उद्यानात लहानमोठ्या सुमारे ३०० हिमनद्या आहेत. त्या सगळ्या मोजण्याच्या फंदात न पडता उद्यानाने १९९३ पासून नॉइझी क्रीक, सिल्व्हर, नॉर्थ क्लावाटी आणि सँडली या चार हिमनद्या निवडून त्यांचा जमाखर्च ठेवायला घेतला. २००३ पासून शेजारच्या माउंट रेनियर उद्यानातील एमन्स आणि निस्क्वाली या दोन हिमनद्यांवर तशीच मोजणी सुरू झाली. वसंतात जाऊन काठ्या रोवायच्या, हिमाची खोली घ्यायची, आणि शरदात परत जाऊन वाचन घ्यायचे, हा क्रम. काम उद्यान सेवेचे, त्यामुळे नोंदही उद्यानाची. वनरक्षक येतात-जातात, सरकारे बदलतात, पण चार हिमनद्यांचे रकाने पुढे चालू राहतात. एका मोसमाचा आकडा कोणाला फारसे काही सांगत नाही. तीस वर्षांच्या रांगेत ठेवला की तो बोलू लागतो.

त्याच देशातील दुसरे उदाहरण मात्र सावध करणारे आहे. मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यान १९१० मध्ये स्थापन झाले. १८५० च्या सुमारास तेथे अंदाजे १५० हिमनद्या होत्या असे मानले जाते. २०१५ च्या मोजणीत ०.१ चौरस किलोमीटरहून मोठ्या अशा २६ उरल्या होत्या. ही ०.१ ची मर्यादा महत्त्वाची आहे, कारण त्याहून लहान झालेला बर्फ सहसा सरकत नाही आणि न सरकणाऱ्या बर्फाला तेथे हिमनदी म्हणत नाहीत. मर्यादा बदलली की संख्या बदलते, हे बातमी देणाऱ्याने ध्यानात ठेवलेले बरे. याच उद्यानात, २०२० पर्यंत येथील हिमनद्या नाहीशा होतील, असे संगणकीय अंदाजावर बेतलेले फलक लावलेले होते. २०२० उजाडले तेव्हा हिमनद्या आक्रसलेल्या होत्या, पण होत्या. फलकावरचा मजकूर बदलावा लागला आणि टवाळखोरांना आयते कोलीत मिळाले. मोजणी खरी होती, फलकावरची तारीख तेवढी खोटी ठरली, आणि लोकांच्या लक्षात तारीख राहिली.

आपल्याकडे याहून मोठा प्रकार झाला आहे. हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीच्या (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता मोठी आहे, असे विधान आले. त्याला मोजणीचा आधार नव्हता; एका संस्थेच्या अहवालातून आणि त्यामागे एका नियतकालिकातील मजकुरातून ते फिरत फिरत तेथे पोहोचले होते. नोव्हेंबर २००९ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांचा चर्चानिबंध पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला. हिमालयातील हिमनद्या काही विलक्षण वेगाने मागे जात असल्याचे नोंदींवरून दिसत नाही, असा त्याचा रोख होता. त्यावरून वाद पेटला आणि जानेवारी २०१० मध्ये समितीने २०३५ चे विधान चुकीचे असल्याचे मान्य केले. त्या वेळी मी नोकरीत होतो. आमच्या कार्यालयात दुपारच्या चहाला दोन्ही पक्ष तावातावाने भांडत. बर्फ संपणार म्हणणाऱ्यांकडे आणि काही होत नाही म्हणणाऱ्यांकडे मिळून हिमालयातील दीर्घकाळ सलग मोजलेल्या हिमनद्या बोटांवर मोजण्याइतक्याच होत्या, हे मात्र कोणीच बोलत नव्हते. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या गणनेनुसार भारतीय हिमालयात ९,५७५ हिमनद्या आहेत.

यावर कोणी म्हणेल की, आता उपग्रह आहेत, काठ्या रोवत कशाला हिंडायचे? उपग्रहांचा उपयोग मोठा आहे आणि दुर्गम हिमनद्यांसाठी दुसरा इलाजही नाही. पण उपग्रहाने काय पाहिले, ते नीट सांगावे लागते. इस्रोच्या अहमदाबाद येथील केंद्राने इतर संस्थांच्या साहाय्याने २,०१८ हिमनद्यांचा २०००-०१ ते २०१०-११ या काळातील अभ्यास केला. त्यात १,७५२, म्हणजे जवळपास ८७ टक्के हिमनद्या ‘स्थिर’ आढळल्या. हा आकडा वर्तमानपत्रांत ‘हिमनद्या सुरक्षित’ अशा अर्थाने फिरला. वास्तविक ‘स्थिर’चा अर्थ एवढाच होता की, त्या दहा वर्षांत मुखाची जागा आणि क्षेत्रफळ यांत चित्रावरून ओळखता येईल असा बदल झाला नाही. त्या काळी अशा कामात वापरल्या जाणाऱ्या चित्रांतील एक ठिपका जमिनीवरच्या वीस-पंचवीस मीटरचा असे, आणि जाडी किती घटली हा प्रश्न त्या अभ्यासाने विचारलेलाच नव्हता. डॉक्टरांनी उंची मोजून ‘बदल नाही’ म्हटले तर वजन घटलेले नाही असा अर्थ कोणी काढत नाही. येथे मात्र तो काढला गेला.

दुसरे उदाहरण ७ फेब्रुवारी २०२१ चे. चमोली जिल्ह्यात, नंदादेवी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील रोंटी शिखराच्या उतारावरून खडक आणि बर्फ यांचा प्रचंड तुकडा सुटला, ऋषीगंगा आणि धौलीगंगेच्या खोऱ्यातून लोंढा आला, दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे मृत किंवा बेपत्ता झाली. आपल्याकडच्या पहिल्या बातम्यांत ‘हिमकडा कोसळला’, ‘हिमनदी फुटली’ असे शब्द होते. नंतरच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर माल सुटला आणि त्यात चार भाग खडक व एक भाग बर्फ होता असे दिसून आले. त्या उतारावर भेग आधीपासून रुंदावत होती, हेही जुनी उपग्रह-चित्रे उलगडल्यावर मागाहून दिसले. चित्रे काढली जात होती. ती त्या कामासाठी नियमाने पाहणारा कोणी नेमलेला नव्हता. यंत्र बसवले म्हणजे नोंद झाली, असे समजणारे आमच्या खात्यातही पुष्कळ होते.

भारतात हे काम होत नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. रुडकीच्या राष्ट्रीय जलविज्ञान संस्थेने गोमुखाच्या वाटेवरील भोजबासाजवळ गंगोत्रीचे वितळपाणी मोजले आहे. डेहराडूनच्या वाडिया हिमालय भूविज्ञान संस्थेने डोक्रियानी आणि चोराबारी या हिमनद्यांवर वर्षानुवर्षे काम केले. हिमाचल प्रदेशाच्या लाहौलमधील छोटा शिग्री हिमनदीचा जमाखर्च २००२ पासून ठेवला जात आहे आणि जगभरचे अभ्यासक तो आधाराला घेतात. यात आपल्या वाचकांना जवळचे वाटावे असे एक नाव गोव्याचे आहे. वास्कोच्या समुद्रकाठी असलेले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र अंटार्क्टिकासाठी ओळखले जाते, पण २०१६ पासून त्याचे ‘हिमांश’ नावाचे केंद्र स्पितीत ४,००० मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि चंद्रा नदीच्या खोऱ्यातील सुत्री ढाकासारख्या हिमनद्या त्याचे लोक मोजतात. समुद्रसपाटीवरच्या कार्यालयातून निघून त्या उंचीवर काठ्या वाचायला जाणाऱ्यांविषयी मराठी वर्तमानपत्रांत एखादा लेख यायला हरकत नाही. अडचण अशी की, ही कामे बहुतेक प्रकल्पांच्या निधीवर चालतात. प्रकल्प संपला की काठ्या उघड्या पडून कोसळतात आणि रांग तुटते. वाडिया संस्थेत २००९ मध्ये सुरू झालेले हिमनदी संशोधनाचे केंद्र २०२० मध्ये बंद करण्यात आले. त्यानंतर काही महिन्यांतच चमोलीची दुर्घटना घडली. केंद्र असते तर ती टळली असती असे मी म्हणत नाही, पण तुटलेली रांग मागाहून जोडता येत नाही, हे मी माझ्या वह्यांवरून खात्रीने सांगू शकतो.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ज्या राष्ट्रीय उद्यानांत हिमनद्या आहेत, म्हणजे गंगोत्री, नंदादेवी, ग्रेट हिमालयन, पिन व्हॅली, कांचनजंगा वगैरे, त्या प्रत्येकाच्या व्यवस्थापन आराखड्यात निदान एका हिमनदीची कायमची मोजणी हे उद्यानाचे स्वतःचे कर्तव्य म्हणून लिहिले जावे. वाघांची गणना दर चार वर्षांनी एका ठरलेल्या पद्धतीने होते, आणि हिमबिबट्यांचीही देशव्यापी पाहणी होऊन जानेवारी २०२४ मध्ये ७१८ हा अंदाज जाहीर झाला. ज्या उद्यानात हिमबिबट्याचा माग आणि विष्ठा मोजायला माणसे मिळतात, तेथे त्याच्या पायाखालचा बर्फ मोजायला ती मिळू नयेत, असे नाही. मोजायचे शास्त्रज्ञांनीच, पण नोंद चालू राहील याची जबाबदारी उद्यानाची असावी. उद्यानात भोक पाडायला, यंत्र ठेवायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे. परंतु दरवर्षी नव्याने अर्ज, नव्याने छाननी आणि मोसम उलटल्यावर हाती पडणारा कागद, असे झाले तर दीर्घ मोजणी होणार कशी? या एका कामासाठी दहा-दहा वर्षांची परवानगी का देऊ नये?

आकडे लोकांपर्यंत येणे हा याचाच भाग आहे. सध्या ते आले तर दोन-तीन वर्षांनी, इंग्रजी शोधनिबंधांत. आइसलँडमध्ये १९३० पासून हिमनद्यांच्या कडा मोजल्या जात आहेत आणि त्या मोजणाऱ्यांत आसपासचे शेतकरी, शिक्षक, हौशी लोक राहिले आहेत. वात्नायोकुल हे तेथले विस्तीर्ण राष्ट्रीय उद्यान २००८ मध्ये झाले तेव्हा त्यातल्या हिमनद्यांच्या अशा नोंदी अनेक दशकांच्या होत्या. टेप धरून ठराविक खुणेपासून बर्फापर्यंतचे अंतर घेणे हे काम कोणालाही शिकवता येते. गोमुखाच्या वाटेवर ते अशक्य नाही. तेथे दिवसाला १५० माणसांनाच सोडतात, प्रत्येकाचे नाव वनखात्याच्या चौकीवर लिहून घेतात, आणि त्या नावांत महाराष्ट्रातील यात्रेकरू व गिर्यारोहक थोडे नसतात. प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. भोजबासाच्या पुढे, जेथून मुख स्पष्ट दिसते अशा पक्क्या खडकावर एक लोखंडी चौकट बसवून, छायाचित्र येथूनच काढा आणि उद्यानाकडे पाठवा, एवढे लिहिले, तर एका मोसमात एकाच जागेवरून, एकाच कोनातून काढलेली हजारो छायाचित्रे जमा होतील. जागा मात्र ठरलेली हवी.

जागेचा आग्रह मी स्वतःच्या चुकीवरून धरतो आहे. ऑक्टोबर १९९६ मध्ये आईला चारधामला नेले होते. ती गंगोत्रीस थांबली आणि मी दोन सहकाऱ्यांबरोबर १८ किलोमीटर चालून गोमुखास गेलो, तेथे फिल्मच्या कॅमेऱ्याने मुखाची तीन छायाचित्रे काढली. जून २०१८ मध्ये, गुडघे साथ देत होते तोवर, भाच्याला घेऊन पुन्हा गेलो, मनात हेच की तेच छायाचित्र पुन्हा काढायचे. जुनी प्रत हातात धरून मी तासभर दगडांतून फिरलो. छायाचित्रात डाव्या कोपऱ्यात एक तिरका, कुऱ्हाडीच्या पात्यासारखा खडक आहे. तसे खडक तेथे शंभर होते आणि बहुधा तो त्यांपैकी एकही नव्हता, कारण ती सगळी दगडरास दरम्यान हलली असणार. पहिले छायाचित्र ऑक्टोबरातले, दुपारनंतरचे. दुसरे जूनमधले, सकाळचे, बाजूच्या उतारांवर हिवाळ्याचा हिम शिल्लक असलेले. भाचा म्हणाला, “मामा, किती कमी झालंय बघा.” मी त्याला सांगितले की, कमी झाले असणारच, पण या दोन कागदांवरून मी ते सिद्ध करू शकत नाही. १९९६ च्या पाकिटावर तारीख, फिल्मचा क्रमांक आणि स्टुडिओचा शिक्का आहे. कोठे उभा होतो ते लिहायचे, आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या तपासणाऱ्या मला सुचले नाही.

आपल्या दैनिकाकडून अपेक्षा एवढीच की, हिमनदीची बातमी देताना मोजणीचे वर्ष, मोजणारी संस्था आणि काय मोजले, मुखाचे अंतर, क्षेत्रफळ की जाडी, हे तीन तपशील द्यावेत, आणि ते मिळाले नाहीत तर मिळाले नाहीत असे छापावे. संयुक्त राष्ट्रांनी २०२५ पासून २१ मार्च हा हिमनद्यांचा जागतिक दिवस ठरवला आहे. त्या दिवशी धरणांच्या चौकटीशेजारी छोटा शिग्री, सुत्री ढाका आणि ज्यांचे आकडे मिळतील त्या हिमनद्यांचा मागील वर्षाचा जमाखर्च मराठीत छापता येईल. गंगोत्रीच्या ओळीपुढचा रकाना पहिली काही वर्षे रिकामाच ठेवावा लागला, तरी तो तसाच छापावा.

जून २०१८ च्या छायाचित्रामागे मी उभे राहिल्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश, उंची, वेळ, कॅमेऱ्याचा कोन आणि पायाखालच्या खडकाचे वर्णन लिहून ठेवले आहे. आपल्या वाचकांपैकी जो कोणी येत्या जूनमध्ये गोमुखास जाणार असेल, त्याने आपल्या कार्यालयामार्फत कळवल्यास मी त्याला प्रत पाठवीन. शक्यतो सकाळी ९ च्या सुमारास तेथे पोहोचावे. त्यानंतर मुखावर शेजारच्या कड्याची सावली सरकते.

कळावे,
आपला,
एक निवृत्त उपअभियंता, नाशिक